रोजचे दहा रुपये आणि कृष्णेचं पाणी

मी एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी भरायची बचत, गोळा करते. दुपारनंतर बाजारातली दुकानं फिरायची, पैसे घ्यायचे, पावती द्यायची. कुणी शंभर देतं, कुणी पन्नास, कोपऱ्यावरची भाजीवाली मावशी वीस. मावशीच्या त्या विसांचे वर्षाअखेर किती होतात हे मीच तिला मोजून देते, त्यामुळं छोट्या रकमेला मी कधी हसत नाही. माझी स्वतःचीही एक पिग्मी आहे, रोज दहा रुपयांची. तिची मुदत जानेवारीत संपते आणि साडेतीन हजारांच्या थोडे वर हातात येतात. आमच्या घरात पुराच्या तयारीला वर्षाकाठी एवढेच पैसे असतात. घरात आम्ही चौघं: मी, आमचे हे (दुसऱ्याचा टेम्पो चालवतात), नववीतली मुलगी, आणि सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. घर भाड्याचं, तळमजल्यावर, नदीकडच्या जुन्या सांगलीत.

तळमजला आणि नदीकडचं, एवढं म्हटल्यावर सांगलीच्या माणसाला पुढचं सांगायला लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं माणसं भेटली की आधी ‘किती फूट झालं?’ विचारतात. म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती. पूल १९२९ चा. तिथं ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५४ च्या पुढं. पण शहराचा आकडा वेगळा आणि आपल्या दाराचा वेगळा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ४९ ला पाणी येतं, आमच्या उंबऱ्याला ५१ ला. हा आकडा फुकट मिळतो. ज्यांना आपला माहीत नाही त्यांनी गल्लीतल्या एखाद्या जुन्या माणसाला गाठावं, आणि २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं तेही विचारावं. त्या उंचीवर खडूनं रेघ मारा. पुढची सगळी खरेदी त्या रेघेकडं बघून करायची आहे.

मध्यंतरी मुलीनं मोबाईलवर एक तयार ‘इमर्जन्सी किट’ दाखवलं. लाल बॅग, त्यात चकाकणारं ब्लँकेट, होकायंत्र, सात कामं करणारा चाकू, शिट्टी, आणि काय काय. किंमत माझ्या पिग्मीच्या निम्म्याहून जास्त. होकायंत्र हातात धरून मी गणपती मंदिराकडनं विश्रामबागचा रस्ता शोधणार आहे का? शिट्टी तेवढी कामाची, ती वीस रुपयांना सुटी मिळते.

अशा याद्या कुणासाठी बनवलेल्या असतात कळत नाही. संकट कुठलं, ते किती वेळ देतं आणि किती दिवस मुक्काम करतं, हे ठरल्याशिवाय यादी कशी होईल? मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, माणसं ऑफिसातनं निघाली ती रस्त्यातच अडकली. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी लोक झोपेत असतानाच बाजारपेठेत शिरलं. तिथल्या माणसाची यादी माझ्यासारखी असणार नाही. कृष्णा आम्हाला वेळ देते. कोयना धरणातनं किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडलं, वारणेतनं किती, हे मोबाईलवर येत राहतं आणि पाणी फुटाफुटानं चढतं. एक-दोन दिवस हातात असतात. चढलेलं पाणी उतरायला मात्र आठवडा घेतं. (हे खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळं होतं की पूररेषेतल्या बांधकामांमुळं, यावर आमच्या चहाच्या गाड्यावर दर पावसाळ्यात समिती बसते. सरकारचीही वडनेरे समिती २०१९ च्या पुरानंतर बसली होती. गाड्यावरची अजून उठलेली नाही.)

थोडक्यात, आम्हाला लवकर निघता येतं, आणि निघाल्यावर आठवडाभर बाहेर राहावं लागतं. मग लोक निघत का नाहीत?

२०१९ ला आमच्या गल्लीत जी घरं मागं राहिली ती पोहता येतं म्हणून राहिली नव्हती. सामानापायी राहिली. वर्षाचे गहू भरलेले, हप्त्यावर घेतलेला फ्रिज, कुणाचं शिलाई मशीन, कुणाच्या दोन शेळ्या. हातावर पोट असलेल्या माणसाला हे सोडून जा म्हणणं सोपं आहे. २००५ ला पायरीपर्यंत आलं होतं, यंदाही तेवढंच येईल, असं म्हणत माणसं एकेक फूट थांबतात. मग रात्री लाईट जाते, कमरेला पाणी लागतं, आणि सामानही जातं आणि बोटीची वाट बघायला लागते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली त्यात माणसं गेली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर ह्यांनी घरात चार लाइफ जॅकेटं घेऊ म्हणून धरलं होतं. चांगली चार घ्यायची तर माझं सगळं वर्ष त्यात जाणार. मी म्हटलं, त्याच पैशांत बोटीत बसायची वेळ येणार नाही असं काहीतरी करू.

म्हणून आमचा पहिला पैसा मांडणीवर गेला. गरिबाच्या घरात पुराची पहिली खरेदी ही सामान उंच ठेवण्याची असावी, यावर मी आजही ठाम आहे. सामान वर गेलं की माणूस मोकळा होतो. बॅटरी, रेडिओ, औषधं हे सगळं त्यानंतर.

२०२० चा उन्हाळा लॉकडाऊनमध्ये गेला. मांडणी बसली ती २०२१ च्या फेब्रुवारीत. एक किराणा दुकान बंद झालं होतं, त्यांची लोखंडी अँगलची मांडणी, ती भोकाभोकांची असते बघा, वरनं पत्र्याच्या फळ्या, ती मला पिग्मीच्या फेरीतच कळली. नवीनच्या अर्ध्याहून कमी किमतीत मिळाली. घरमालकांना विचारून भिंतीत ड्रिल मारलं, अँगल भिंतीला आवळून घेतले. नुसती उभी मांडणी पाण्यात आडवी होते, ती भिंतीला बांधलेलीच हवी. सगळ्यात वरची फळी दाराच्या चौकटीच्या वर, म्हणजे २०१९ च्या रेघेच्याही वर. मांडणी, ने-आण आणि फिटरची मजुरी मिळून सत्तावीसशे गेले. त्या वर्षी मग दुसरं फारसं काही घेतलं नाही.

त्याच जुलैत पाणी आलं. आमच्या घरात साधारण साडेतीन फूट. गाद्या, धान्य, मुलीची पुस्तकं, शिलाई मशीनचं डोकं (दोन बोल्ट काढले की ते टेबलापासून सुटतं) सगळं वर कोरडं राहिलं. प्लायवूडचं कपाट फुगलं, ते फुगणारच होतं. पण आम्ही ४५ फुटांना कुलूप लावून निघालो होतो आणि मागं वळून बघायला कुणी थांबलं नाही, आत्यासुद्धा नाहीत. आत्या २०१९ ला देव्हाऱ्यापाशी बसून राहिल्या होत्या. या वेळी देवांचा डबा आधीच पिशवीत होता.

आता आमचं ठरलेलं आहे. ४० फुटांना धान्य आणि गाद्या वर. ४३ ला टीव्ही वर आणि फ्रिज मालकांच्या जिन्याच्या वळणावर; त्याला चार माणसं लागतात, म्हणून गल्लीतल्या पोरांना आधीच सांगून ठेवायचं, ऐन वेळी प्रत्येकाला स्वतःचा फ्रिज असतो. ४५ ला आम्ही कुपवाडला नणंदेकडं. खर्च न करता केलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वर्षाचे गहू एकदम भरणं बंद केलं. पावसाळ्यापुरते दोन-तीन महिन्यांचेच घेते. किलोमागं रुपया-दोन रुपये जास्त जातात, पण उचलायला पोतं एकच राहतं.

मांडणीनंतर घेतले ते दोन निळे ड्रम, पन्नास लिटरचे, तोंडाला पत्र्याची कडी असलेले. कारखान्यातनं आलेले जुने ड्रम स्वस्त मिळतात, पण आत काय होतं माहीत नसतं, तेव्हा त्यात पाणी किंवा धान्य अजिबात भरायचं नाही. आमच्यात कपडे आणि अंथरुणं असतात. झाकण नीट बसलं की ते पाण्यावर तरंगत राहतात. फक्त दोरीनं खिडकीच्या गजाला बांधायचे.

गॅसच्या टाकीचंही तेच. भरलेली टाकी जड असते म्हणून जाग्यावर राहील असं बऱ्याच जणांना वाटतं. घरगुती टाकी भरलेली असताना साधारण तीस किलोची, आणि तिचं आकारमान ३३ लिटरच्या पुढं, तेवढं पाणी तेहतीस किलोचं. म्हणजे भरलेलीसुद्धा तरंगते, रिकामी तर तरंगतेच. पूर आला की टाक्या गल्लीतनं वाहत जाताना दिसतात त्या यामुळं. रेग्युलेटर काढायचा, टोपी घट्ट लावायची, टाकी उभी करून बांधायची. चार मीटर नायलॉनची दोरी, पन्नास-साठ रुपये. दुसरी टाकी घ्या असा सल्ला सगळे देतात. तिचं डिपॉझिटच दोन हजारांच्या वर आहे. मी घेतलेली नाही आणि घ्यायचा विचारही नाही. नणंदेकडं गॅस आहे, तिला आम्ही त्या महिन्याच्या टाकीचे पैसे देतो.

नणंदेचं घर म्हणजे आमचं निम्मं किट आहे, असं म्हटलं तरी चालेल. बरेच लोक तयारीचं सामान पाण्यात जाणाऱ्या घरात जमवतात आणि मग ते खांद्यावर घेऊन पळतात. आम्ही मे महिन्यातच एक खोकं कुपवाडला नेऊन ठेवतो. त्यात प्रत्येकाचे दोन जोड कपडे, मुलीच्या दोन वह्या, साबण, पॅडची पाकिटं, आत्यांचा जुना चष्मा. यात विकत घेतलेलं जवळजवळ काही नाही. आणि वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन.

पाण्याचं नीट सांगते, कारण इथं लोक फसतात. आम्ही कोरड्या भागात जाणार, मग पाणी कशाला साठवायचं? कारण सांगली, मिरज आणि कुपवाड एकच महापालिका, आणि पाणी सगळ्यांना नदीचंच. नदी वर आली की जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) आणि मोटारी पाण्याखाली जातात, लाईट नसते, आणि जिथं पुराचा थेंब नाही तिथलाही नळ कोरडा पडतो. २०१९ ला इकडं आणि कोल्हापुरातही हेच झालं: चारी बाजूंनी पाणी आणि टँकरपुढं घागरींची रांग. बाटल्या तर पहिल्या दिवशीच संपतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरा. आम्ही चौघं आणि नणंदेकडचे तिघं, म्हणजे रोजचे अठ्ठावीस लिटर. दोन कॅन, तिच्याकडचे हंडे-कळशा, कुकर, पातेली, सगळं भरलं तर चार-पाच दिवस निघतात. धरणातला विसर्ग वाढल्याची बातमी आली की आम्ही नुसता फोन करतो, ‘भरून ठेवा’. वरनं मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या औषधाची, एक बाटली, स्वस्त असते, कधी कधी आशाताईच देऊन जातात. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून, निवळून, गाळून मग. गॅस असेल तर सरळ खळखळ उकळावं.

पैसे कमी असले की एक कसोटी लावते मी: त्या आठवड्यात हे पैसे देऊन मिळेल का? महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला की पेट्रोलपासून दुधापर्यंत सगळ्याची तंगी होते. मी बाजारात फिरते म्हणून मला दुकानांत काय आधी संपतं ते दिसतं. मेणबत्त्या, सेल, दूध पावडर, ब्रेड, रिचार्जचे बल्ब. पोहे, गूळ, शेंगदाणे शेवटपर्यंत कुठं ना कुठं मिळतात. त्यामुळं खाण्यावर मी वेगळे पैसे घालतच नाही. पोहे, चुरमुरे, भाजके शेंगदाणे, गूळ, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, हे जूनच्या किराण्यात थोडं जास्त घेतलं की झालं. पूर नाही आला तर मुलगी भडंग करून संपवते.

आत्यांच्या बीपीच्या गोळ्या मात्र कुठल्याही लाडवांच्या आधी येतात. इथं एक साधी युक्ती आहे. फेब्रुवारीपासून दर महिन्याला गोळ्या आठवडाभर आधी घ्यायच्या. जूनपर्यंत एका महिन्याचा साठा आपोआप पुढं सरकतो, आणि जास्तीचा पैसा जात नाही, नुसता आधी जातो. जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगायचं. ओआरएसची चार पाकिटं पिशवीत असतात. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

उजेडाचं म्हणाल तर आमच्याकडं रिचार्जचा एक बल्ब आहे, तो वर्षभर स्वयंपाकघरात वापरात असतो, आणि सेलवर चालणारी एक बॅटरी. सेल बॅटरीत घालून ठेवायचे नाहीत, गळतात. पॉवर बँक दहा हजार एमएएचची घेतली तेव्हा ह्यांना वाटलं फोन तीन वेळा होईल. प्रत्यक्षात मोठ्या फोनला दीड वेळा. म्हणून एक जुना बटणांचा फोन चार्ज करून पिशवीत असतो, चार दिवस काढतो तो. टॉवर बंद पडले की कुठलाच फोन चालत नाही, तो भाग वेगळा. मुलीला नंबर पाठ करायला लावलेत: ११२, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७, आणि तिच्या आत्याचा, म्हणजे माझ्या नणंदेचा.

कागदांवर माझा खर्च दीडशे रुपये. एक झिपची जाड प्लास्टिक पिशवी, तीत दुसरी पिशवी. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलीचे दाखले, भाडेकरार, लाईट बिल. भाडेकरूंनी भाडेकरार कोरा करकरीत आणि चालू तारखेचा ठेवा हो. २०१९ ला सरकारनं पूरग्रस्त कुटुंबाला शहरात १५ हजार आणि गावात १० हजार जाहीर केले, त्यातले ५ हजार रोख, बाकी खात्यात. पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा या घरात तुम्ही राहता हे तुम्हालाच दाखवायचं असतं. आमच्या गल्लीत एकाच घरात दोन चुली असलेल्या कुटुंबांना त्यावरनं किती हेलपाटे पडले ते मी बघितलंय. म्हणून दर मे महिन्यात मुलगी घराचे फोटो काढते, प्रत्येक भिंत, प्रत्येक वस्तू, फ्रिजच्या मागचा नंबरसुद्धा, आणि नणंदेच्या फोनवर पाठवते. कागद डिजिलॉकरवरही आहेत. या सगळ्याला वेळ लागतो, पैसा नाही, आणि तरी लोक हे सोडून आधी मोठी बॅटरी घेतात.

त्याच पिशवीत दोन हजार रुपये असतात, पन्नास-शंभराच्या नोटा. लाईट नसली की एटीएम बंद, क्यूआर कोड भिंतीला चिकटून बघत बसतो. मला पगार नाही, कमिशन आहे. दुकानं बंद म्हणजे माझी कमाई शून्य. पूर उतरल्यावरही बाजार सुरू व्हायला पंधरा दिवस-महिना जातो, आणि मग दुकानदार पिग्मी भरत नाहीत, उलट मोडतात. ज्यांच्या घरात अशी रोजची कमाई आहे त्यांनी तिसऱ्या वर्षी काही वस्तू घेण्यापेक्षा हे पैसे बाजूला काढावेत असं माझं मत आहे. ते पिशवीत ठेवून भाजीला न उचलणं हे मांडणी बसवण्यापेक्षा अवघड आहे, हेही खरं.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. परत येण्याची खरेदी.

पुराच्या सगळ्या याद्या पाणी चढण्यापर्यंतच्या असतात. पाणी उतरलं की घरात पायाच्या घोट्याएवढा काळा, बुळबुळीत गाळ असतो, आणि त्याचा वास. त्या दिवशी सगळं शहर एकदम हार्डवेअरच्या दुकानात जातं. खराटे, वायपर, फावडी, घमेली, गमबूट, रबरी हातमोजे, फिनेल. आणि दुकानांतही पाणी शिरलेलं असतं, त्यामुळं माल अर्धा. साठ रुपयांचा खराटा शंभराला जातो. मे महिन्यात हेच सगळं शांतपणे मिळतं, शिवाय दर वर्षी एकेक वस्तू घेता येते. आमच्याकडं आता एक लांब दांड्याचा वायपर, दोन खराटे, एक फावडं, घमेलं, दोन जोड जाड हातमोजे आहेत. गमबूट दोन जोड, घालायच्या आधी उलटे करून झटकायचे. पुरानंतर विंचू-साप कोरडी जागा शोधत असतात.

आमच्या गल्लीतली जुनी माणसं एक सांगतात ते शंभर टक्के बरोबर आहे: पाणी उतरत असतानाच घर धुवायला घ्या. पाणी गुडघ्याला आलं की त्याच पाण्यानं भिंती घासत, गाळ ढवळत, बाहेर ढकलत यायचं. एकदा गाळ वाळला की तो कुदळीनं निघतो, आणि तेव्हा धुवायला पाणी टँकरचं. अर्थात त्याआधी मेन स्विच बंद असल्याची खात्री हवी, आणि पाणी जोरात ओढत असेल तर आत पाय टाकायचाच नाही. वायरमननं बोर्ड उघडून, वाळवून तपासल्याशिवाय मेन चालू करायचं नाही, कितीही उकडलं तरी. ह्यांनी आपल्या मित्र वायरमनला जूनमध्येच चहा पाजून ठेवलेला असतो. तोही तयारीचाच खर्च, दहा रुपये.

ब्लीचिंग पावडर ही एकच वस्तू मी साठवत नाही. ती हवेनं मरते, गेल्या वर्षीचं पाकीट यंदा नुसता चुना. जूनमध्ये छोटं घ्यायचं, घट्ट डब्यात ठेवायचं. आणि फरशी लवकर निघावी म्हणून ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र करू नका. त्याचा जो वायू होतो तो छातीत बसतो.

विम्याचं मला दुकानदार विचारतात. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडं मिळते, तीत पूर धरलेला आहे, आणि भाडेकरूला फक्त घरातल्या सामानाचीही घेता येते. ज्यांचं स्वतःचं घर पूरपट्ट्यात आहे त्यांनी टीव्ही बदलायच्या आधी ती घ्यावी. आमच्या सामानाची किंमत बघता मी अजून मांडणीवरच विश्वास ठेवून आहे. फ्रिज नवीन आला की फेरविचार करीन.

यंदाच्या पिग्मीवरनं घरात दोन तट पडलेत. ह्यांना जुना इन्व्हर्टर घ्यायचाय, ओळखीत एक साडेचार हजारांना येतोय. माझं म्हणणं, त्याची बॅटरी मांडणीवर चढवायला दोन माणसं लागतील, आणि ४५ फुटांना आपण घरात असणारच नाही, मग तो उजेड कुणासाठी? ते म्हणतात, एरवीच्या लोडशेडिंगला होईल. होईलही. पण मग ती पुराची खरेदी नव्हे, ती त्यांच्या टेम्पोच्या भाड्यातनं करावी. आत्या नातीच्या बाजूनं आहेत. नातीचा पाय वाढलाय आणि तिला गमबूट नव्यानं घ्यायला लागणार आहेत. मी दोन नंबर मोठे घेणार आहे, आत जाड मोजे घालून यंदा चालवील, दोन वर्षं तरी निघतील. उरलेल्या पैशांत दोरी बदलायची आहे, जुनी उन्हानं कडक झालीय, आणि पाण्याचा तिसरा कॅन. तो या वेळी तोटीचा घेणार, नणंद तशी मागंच लागलीय.